सिनेमातल्या वेशातल्या फॅशन डॉल्स : इंदूरकर हौशी मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरच्या मराठी घरांतून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. विचारणाऱ्यांत कॉलेजातल्या मुली आहेत, हाताला शिवणाची सवय असलेल्या आज्या आहेत, आणि बहिणीच्या जुन्या बाहुल्या सांभाळणारे दोन-तीन दादाही आहेत. सोपे प्रश्न आधी घेतले आहेत, अडचणीचे नंतर. एकच गोष्ट दोनदा सांगावी लागू नये म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा आकडा दिला आहे.

1. फॅशन डॉल म्हणजे बार्बीच का?

जिचे कपडे बदलणं हाच मुख्य खेळ, ती फॅशन डॉल. बार्बी त्यातली सर्वांत प्रसिद्ध. मॅटेल कंपनीनं ती 9 मार्च 1959 रोजी न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात मांडली, कल्पना रूथ हँडलर यांची. जर्मनीत त्याआधी, 1955 पासून, लिली नावाची अशीच बाहुली विकली जात होती. केन 1961 साली आला. ब्रॅट्झ (2001) आणि मॉन्स्टर हाय (2010) या पुढच्या पिढीच्या. त्यांचं डोकं अंगाच्या मानानं फार मोठं असतं, त्यामुळे सिनेमातली नायिका त्यांच्यावर नीट उतरत नाही. खालची सगळी मापं बार्बीच्या उंचीची, म्हणजे साधारण 29 सेंमीच्या बाहुलीची आहेत. ती माणसाच्या एक षष्ठांश धरतात.

2. सुरुवात नव्या बाहुलीपासून करू की घरातली जुनी काढू?

घरात असेल तर जुनीच काढा. माळ्यावरच्या डब्यात केस विस्कटलेली, एक बूट हरवलेली बाहुली बहुतेक घरांत सापडते, आणि तिच्यावर कात्री चालवताना हात थरथरत नाही. नवी घ्यायची झाली तर हातपाय वळणारी घ्या. मॅटेलनं 2015 साली 22 सांध्यांची 'मेड टू मूव्ह' बाहुली आणली. नृत्याची मुद्रा, पदर सावरणारा हात, मांडी घालून बसणं हे सगळं तिच्यावर साधतं. मात्र सांधे दिसतात, म्हणून बिनबाह्यांच्या वेशाला जुनं ताठ अंगच चांगलं दिसतं.

3. माझ्या बाहुलीच्या पाठीवर 1966 लिहिलंय. ती साठ वर्षांची आहे का? किंमत किती येईल?

बहुधा नाही. पाठीवरचं साल त्या अंगाच्या साच्याच्या हक्काचं असतं, बाहुली बनल्याचं नाही. 1966 चा शिक्का पुढे अनेक दशकं बाहुल्यांवर येत राहिला. मानेमागचं किंवा डोक्याच्या आतल्या कडेवरचं सालही चेहऱ्याच्या साच्याचंच. त्यामुळे देशाचं नाव, केसांची जात, डोळ्यांची रंगवण आणि मूळ कपडे असं सगळं एकत्र बघूनच अंदाज बांधता येतो. 'मेड इन इंडिया' शिक्क्याच्या, लिओ मॅटेल या भारतातल्या कंपनीच्या काळातल्या साडीतल्या बार्बी आपल्याकडच्या घरांत बऱ्याच आहेत. त्या दुर्मीळ नसल्या तरी मूळ साडी-दागिन्यांसह असतील तर त्यांचा वेश बदलू नका. सरावासाठी दुसरी शोधा.

4. पहिला वेश कुठल्या पात्राचा करावा? मला थेट भरजरी नृत्याचा पोशाख करायचाय.

भरजरी वेशाला जरा थांबा. लांबून ओळखू येतं त्याला तीन गोष्टी कारणीभूत असतात: अंगावरच्या कपड्याचा बाह्याकार, मुख्य रंग आणि केसांची ठेवण. या तीन बरोबर असल्या की टिकल्या कमी पडल्या तरी पात्र ओळखता येतं. त्या चुकल्या तर कितीही सलमा-सितारा लावा, बाहुली लग्नाच्या मांडवातली पाहुणी दिसते. फोटो समोर ठेवा, डोळे किलकिले करा आणि जे उरतं तेवढंच आधी शिवा.

म्हणून पहिला वेश ठळक आकाराचा निवडा. 2023 च्या बार्बी सिनेमातला गुलाबी-पांढऱ्या चौकटींचा फ्रॉक हे चांगलं उदाहरण. जॅकलिन डुरान यांनी तो आखला. घट्ट कंबर, फुगीर घेर आणि चौकटी एवढ्यातच सगळं आलं. फक्त चौकट बाहुलीच्या मानानं तीन-चार मिलिमीटरची हवी. शर्टाच्या कापडात ती मिळते, टेबलक्लॉथच्या कापडात नाही.

5. बाहुलीची साडी किती लांब-रुंद कापायची?

सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच.

सहावारी साडी साधारण साडेपाच मीटरची आणि सव्वा मीटरच्या जवळपास रुंद. सहानं भागलं तर 92 सेंमी बाय 20 सेंमी येते. कागदावर हिशेब चोख आहे, पण अंगावर तो बसत नाही. बाहुली सहा पटीनं लहान झाली तरी कापडाची जाडी आहे तेवढीच राहते. 92 सेंमीच्या निऱ्या नऊ सेंमीच्या कमरेत खोचल्या की पोटावर गाठोडं तयार होतं. म्हणून लांबी 65 ते 70 सेंमीच घ्या. दोन वेढे, दोन सेंमी रुंदीच्या चार-पाच निऱ्या आणि गुडघ्यापर्यंत पदर एवढ्यात भागतं. रुंदी मात्र पूर्ण ठेवा. परकर शिवू नका. पातळ अस्तराची एक नळी कंबरेवर बसवा आणि साडी तिलाच टाके घालून अडकवा.

निऱ्या अंगावर घालू नका, टेबलावर घाला. थर्माकोलच्या तुकड्यावर कापड ताठ धरून स्टीलच्या पट्टीच्या कडेनं एक घडी, तिच्यावर दोन टाचण्या, मग पुढची घडी. सगळ्या झाल्या की वरून ओलसर मलमल ठेवून इस्त्री अलगद टेकवायची, घासायची नाही. कापड पूर्ण गार होईपर्यंत टाचण्या काढायच्या नाहीत. मग वरच्या कडेला कच्ची शिलाई घातली की ती निऱ्यांची जुडी एका तुकड्यासारखी हातात येते.

काठाचाही विचार करा. खऱ्या साडीचा सहा सेंमीचा काठ इथे एक सेंमीचा होतो, तीन सेंमीची बुट्टी अर्ध्या सेंमीची. जुन्या साडीच्या रुंद काठातली एखादी बारीक रेघ उसवून काढली तर ती बाहुलीचा अख्खा काठ होते.

6. आणि नऊवारी? काष्टा पायांच्या मधे बसतच नाही.

ताठ पायांच्या बार्बीत मांड्यांमधे जागाच नसते, त्यामुळे नेसवलेला काष्टा फुगतो आणि बाहुली उभी राहत नाही. आपल्याकडे लग्नाकार्यात शिवलेली नऊवारी घालतात ना, तीच युक्ती वापरा. आधी पातळ कापडाची धोतरासारखी विजार शिवा, मागे मधोमध काठाची पट्टी लावा, पुढे निऱ्यांची जुडी (कशी करायची ते प्रश्न 5 मध्ये) आणि ओचा वेगळा टाका. पदर स्वतंत्र तुकड्याचा, उजव्या कमरेपासून डाव्या खांद्यावर. जोड पदराखाली झाकला जातो. पोटऱ्या दिसल्या पाहिजेत. घोट्यापर्यंत ओढलेली नऊवारी लावणीच्या पात्रालाही शोभत नाही आणि पेशवाईतल्या पात्रालाही.

7. कापड इंदुरात कुठे बघू?

आधी शिंप्याकडच्या चिंध्या बघा. बाहुलीला वीतभर कापड लागतं आणि शीतलामाता बाजाराच्या आसपास ब्लाउज शिवणाऱ्यांकडे ते रोज कचऱ्यात जातं. मागितलं तर बहुतेक जण देतात. मीटरनं घ्यायचं असेल तर एमटी क्लॉथ मार्केट आहे. बारीक गोटा, लेस आणि मण्यांसाठी राजवाड्याच्या मागच्या गल्ल्या फिरा.

माळव्यात राहून महेश्वरी विसरणं मात्र मला पटत नाही. महेश्वरीचं रेशीम-सुती पोत हलकं असतं, काठ बारीक असतो आणि बुगडी काठ दोन्ही बाजूंनी वापरता येतो. ही तिन्ही वैशिष्ट्यं बाहुलीच्या मापाला अगदी सोयीची. आईची विरलेली महेश्वरी असेल तर तिचा न फाटलेला भाग दोन-तीन बाहुल्यांना पुरतो. चंदेरीही चांगली, पण पारदर्शक असल्यानं अस्तर लागतं. टाळायचं ते जाड ब्रोकेड, मखमल आणि ताठ टिश्यू. मखमल हवीच असेल तर सगळ्यांत पातळ लवीची घ्या. कापड कुठलंही असो, कापण्याआधी धुवा. कारण प्रश्न 12 मध्ये आहे.

8. ब्लाउज, चोळी, फ्रॉकचं माप कसं काढायचं? मशीन हवंच का?

बाहुलीच्या धडाला स्वयंपाकघरातली पातळ पारदर्शक फिल्म घट्ट गुंडाळा, वर कागदी चिकटपट्टीचे छोटे तुकडे लावा. त्यावर पेन्सिलीनं मध्यरेषा, बगल, गळा, कटोरीच्या रेषा आखा. रेषांवरून कापून काढलं की तुमच्याच बाहुलीचं अचूक माप हाती येतं. कडेनं पाच मिलिमीटर माया ठेवा, त्याहून जास्त नको. शिवून झाल्यावर ती तीनवर छाटा आणि कडेला पारदर्शक नेलपॉलिशचं बारीक बोट फिरवा म्हणजे धागे सुटत नाहीत.

मशीन लागतंच असं नाही. हातानं बारीक धावदोरा आणि उलटा टाका पुरतो, आणि गोल बगलेत तर हातच बरा. मशीन असेल तर नऊ किंवा अकरा नंबरची सुई आणि दीड मिलिमीटरचा टाका. पाठीला सर्वांत लहान टिचबटण लावा. व्हेल्क्रोच्या काट्यात बाहुलीचे केस अडकतात.

9. कृष्णधवल सिनेमातला वेश करायचाय. रंग कुठले घेऊ?

इथे दोन रस्ते आहेत आणि दोन्ही प्रामाणिक आहेत. एक म्हणजे पडद्यावर दिसतं तसं: पांढरं, राखाडी, काळं, आणि बाहुलीचा चेहराही त्याच छटांत. दुसरा म्हणजे त्या काळच्या साड्यांचे रंग बघून अंदाज करणं. नंतर रंगवलेली आवृत्ती पुरावा म्हणून धरू नका. 'मुगल-ए-आझम' 1960 साली आला तेव्हा त्यातला थोडाच भाग, शीशमहालातल्या गाण्यासह, मुळात रंगीत होता. 2004 साली अख्खा सिनेमा रंगवला गेला. शीशमहालातल्या वेशाचा रंग कॅमेऱ्यानं टिपलेला आहे, बाकीच्या प्रसंगांचा नंतर भरलेला.

मुळात रंगीत असलेला सिनेमाही डोळे झाकून मानू नये. 1939 च्या 'द विझार्ड ऑफ ऑझ'मध्ये डोरोथीचा पांढरा दिसणारा ब्लाउज प्रत्यक्षात फिकट गुलाबी होता, कारण टेक्निकलर या रंगीत चित्रणपद्धतीच्या दिव्यांत शुभ्र पांढरा रंग डोळ्यांवर येई. तिचे बूट मूळ पुस्तकात रुपेरी आहेत. रंगीत पडद्यासाठी ते माणकासारखे लाल झाले. ती बाहुली करताना मी ब्लाउजला अगदी पुसट गुलाबी घेईन, घरातल्या दिव्यात तोच पांढरा दिसतो.

10. प्राचीन काळातल्या नर्तकीचे वेश कुठून बघून करावेत?

सिनेमाच्या वेशकारानं जिथे पाहिलं तिथे आपणही पाहावं. 'आम्रपाली' (1966) साठी कोल्हापूरच्या भानू अथय्यांनी अजिंठ्याच्या चित्रांचा अभ्यास केला होता. याच भानूताईंना पुढे 'गांधी'साठी ऑस्कर मिळालं, भारतीय व्यक्तीला मिळालेलं ते पहिलं. अजिंठ्याची चित्रं समोर ठेवली की कळतं, त्या वेशात शिवण जवळजवळ नाही. कमरेचा पट्टा आणि कापडाचा झोकच सगळं करतो. बाहुलीवर तो झोक टिकवायचा तर कापडाला पाण्यात पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये बुडवून अंगावर (फिल्म गुंडाळून) वाळवा. कापड तो आकार धरून बसतं, पण पुन्हा बदलता येत नाही, म्हणून हे शेवटी करा.

11. नथ, ठुशी, गजरा यांचं काय? आणि केस?

नथीला सर्वांत बारीक तार आणि दीड-दोन मिलिमीटरचे मोती. नाकाला भोक पाडू नका. फेविकॉलचा टिपका लावून चिकटवा, तो नंतर सोलून निघतो. तांबं-पितळ विनाइलला, म्हणजे बाहुलीच्या मऊ प्लॅस्टिकला, थेट टेकू देऊ नका. साठच्या दशकातल्या बार्बींच्या कानाशी धातूच्या कुड्यांमुळे हिरवे डाग पडले आहेत आणि ते आतपर्यंत जातात. तारेवर पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात द्या. ठुशी-पुतळ्यांसारखे दागिने कापडाच्या पट्टीवर शिवा. गजऱ्यासाठी पांढऱ्या जाड दोऱ्याच्या गाठी ओळीनं माराव्यात. मण्यांचा गजरा चमकतो आणि खोटा वाटतो.

केस आधी शाम्पू-कंडिशनरनं धुवा आणि टोकाकडून विंचरत वर या. कुरळे करायचे तर ओल्या बटा शीतपेयाच्या नळीवर गुंडाळा, नुकतंच उकळलेलं पाणी ओता, मग गार पाणी, आणि पूर्ण वाळेपर्यंत सोडू नका. चेहऱ्यावर पाणी उडू देऊ नका. नायलॉन आणि सारन या कृत्रिम धाग्यांचे केस हे छान धरतात, पॉलिप्रॉपिलीनचे फारसे नाही. जुन्या नायिकांच्या फुगीर अंबाड्याला आत काळ्या लोकरीचा गोळा घाला.

12. लाल ब्लाउज काढला तर अंगावर गुलाबी डाग! आणि जुन्या बाहुलीचे पाय चिकट झालेत. दोन्हींवर उपाय?

विनाइल कापडातला सुटा रंग पिऊन घेतं. लाल, काळा, गडद निळा हे सगळ्यांत वाईट. म्हणून कापड धुवा, पांढऱ्या रुमालावर ओलं घासून बघा, आणि गडद वेशाला पांढरं अस्तर लावा. डाग पडलाच तर मुरुमांवर लावायचं बेन्झॉइल पेरॉक्साइडचं जेल औषधाच्या दुकानातून आणा. फक्त डागावर लावा, वर पारदर्शक फिल्म, आणि काही तास उन्हात. लागेल तसं पुन्हा करा, पण दर वेळी तपासत राहा, कारण भोवतालचं विनाइलही फिकट होऊ शकतं. चेहऱ्याच्या रंगापासून, केसांपासून आणि कापडापासून हे जेल लांब ठेवा.

चिकटपणा वेगळा. विनाइल मऊ ठेवणारं द्रव्य वर्षांनुवर्षं बाहेर झिरपतं. भांड्यांच्या साबणानं धुवा, कोरडं करा, कॉर्नफ्लोअर हलकं चोळा. काही महिन्यांनी पुन्हा येईल. तो कायमचा बंद होत नाही, आटोक्यात राहतो.

13. चेहरा पुन्हा रंगवता येतो का?

येतो, आणि त्यानं सर्वांत मोठा फरक पडतो. ॲसिटोनच्या बोळ्यानं मऊ विनाइलच्या चेहऱ्यावरचा कारखान्याचा रंग निघतो. तेच ॲसिटोन धडाच्या कडक प्लॅस्टिकला लागलं तर ते विरघळतं, म्हणून डोकं काढून काम करा. धुऊन वाळवा, मॅट वॉर्निशचा पातळ हात द्या, मग ॲक्रिलिक आणि पाण्याच्या रंगपेन्सिली. प्रत्येक थरानंतर पुन्हा वॉर्निश. फर्निचरचा स्प्रे विनाइलवर कायम चिकट राहतो, तो वापरू नका. स्प्रेचं काम पावसाळ्यात टाळा. दमट हवेत वॉर्निश पांढुरकं होतं. इंदुरात दिवाळीनंतरचे कोरडे दिवस सर्वांत चांगले. मोकळ्या गच्चीत, मास्क लावून.

नटीचं हुबेहूब चित्र काढायला जाऊ नका. भुवईची कमान, केसांची कपाळावरची रेषा आणि कुंकवाचा आकार नेमका आला की पुरतं. दात दाखवून हसणाऱ्या साच्यापेक्षा मिटल्या ओठांचा साचा जुन्या नायिकांना जवळचा.

14. ठेवायच्या कुठे?

पत्र्याच्या छताखालच्या माळ्यावर नाही. मे महिन्यातली तिथली उष्णता विनाइलचा आकार बिघडवते. खिडकीतल्या उन्हानं रंग उडतो. लोखंडी कपाटाचा मधला खण उत्तम. डांबराच्या गोळ्या कपाटात अजिबात नकोत, त्यांच्या वाफेनं काही प्लॅस्टिक मऊ पडतं. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई उतरते. जुनं धुतलेलं मलमल घ्या. केसांना रबरबँड नको, दोरा बांधा.

राजवाड्याच्या बाजूला राहत असाल तर रंगपंचमीच्या गेरीच्या, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीच्या दिवशी खिडक्या आणि कपाट दोन्ही बंद. हवेत उडालेला गुलाल केसांच्या मुळाशी बसला की धुऊनही जात नाही.

15. महालक्ष्म्यांच्या आराशीत या बाहुल्या मांडल्या तर चालेल?

जरूर मांडा, त्यासाठीच तर इतकं शिवतो. समईपासून हातभर लांब ठेवा, कृत्रिम केस आणि जरी क्षणात पेटतात. हळदीकुंकवाची तबकं बाहुल्यांच्या वर फिरवू नका. हळदीचा डाग लाल रंगाच्या डागाइतकाच चिवट (प्रश्न 12). विसर्जनानंतर मऊ ब्रशनं धूळ झाडून मगच कपाटात.

16. डबाबंद बाहुली उघडू की नको? मला तिच्यावरचा सिनेमाचा वेश हवाय.

मॅटेलनं 1994-95 च्या सुमारास हॉलिवूड लेजंड्स नावाच्या मालिकेत 'गॉन विथ द विंड'मधली स्कार्लेट, डोरोथी अशा पात्रांच्या बार्बी काढल्या. असा न उघडलेला डबा असेल आणि कडा धड असतील तर उघडू नका, वेश फोटोवरून शिवा. डबा फाटलेला असेल तर माझं मत उघडण्याच्या बाजूनं आहे. आतले इलास्टिक कुजतात, तारा गंजतात, आणि बंद डब्यात कापडाचा रंगही अंगावर उतरतो.

17. परदेशी बाहुल्यांऐवजी आपल्याकडच्या का नाही?

दोन्ही ठेवा. झाबुआच्या कापडी बाहुल्या आपल्यापासून काही तासांवर बनतात. तिथल्या रमेश आणि शांती परमार या दांपत्याला त्या कामासाठी 2023 साली पद्मश्री मिळाली. भिली वेश आणि दागिने इतक्या लहान अंगावर कसे बसवायचे हे शिकायला त्यांच्याइतका चांगला धडा नाही. फक्त त्यांचा वेश उतरवून दुसरा घालू नका.

18. केनसाठी धोतर-फेटा जमेल का?

जमेल. धोतर प्रश्न 6 प्रमाणे शिवलेलं. फेटा रोज बांधायच्या भानगडीत पडू नका. डोक्याला फिल्म लावून त्यावर पट्टी गुंडाळा, आतून टाके घाला, टोपीसारखा काढता-घालता येतो.

19. अशा बाहुल्या विकल्या तर कायद्याची अडचण येईल का?

स्वतःसाठी आणि भेट म्हणून करणं वेगळं, दुकान मांडणं वेगळं. खऱ्या कलावंताची ओळख बाहुलीत वापरून विकण्याबद्दल दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल आहे: 2010 साली गायक दलेर मेहंदी यांच्यासारख्या दिसणाऱ्या, गाणाऱ्या बाहुल्यांचं प्रकरण त्यांच्या बाजूनं लागलं. सिनेमातलं पात्र आणि कंपनीचं नाव यांवरही हक्क असतात. म्हणून नटाचं नाव, सिनेमाचं नाव किंवा 'अधिकृत' असा शब्द जाहिरातीत टाकू नका. 'साठच्या दशकातली साडी' अशा वर्णनानं वेशच विका, आणि व्यवसाय वाढवायचा असेल तर वकिलाला विचारा.

दुसरा मुद्दा खेळण्यांच्या दर्जाचा. 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. तसंही टाचण्या, मणी आणि तारा असलेली ही बाहुली लहान मुलांच्या हाती देऊ नये.

20. बाहेरून मागवली तर महाग का पडते?

आयातशुल्कामुळे. खेळण्यांवरचं शुल्क 2020 साली 20 टक्क्यांवरून 60 वर गेलं, 2023 साली 70 वर. अर्थसंकल्पात दर बदलतात, तेव्हा मागवण्याआधी त्या वर्षीचा दर बघा आणि टपालखर्च धरूनच हिशेब करा.

21. माझा संग्रह पुढे भाचीला द्यायचाय. काय नोंद ठेवू?

प्रत्येक बाहुलीमागे एक चिठ्ठी: मानेवरचं आणि पाठीवरचं साल, मूळ वेश कुठे ठेवलाय, चेहरा किंवा केस बदलले असतील तर कधी, कुठला गोंद आणि कुठलं वॉर्निश, कापड कोणाच्या साडीतलं. बदललेली बाहुली मूळ म्हणून पुढे जाऊ नये, म्हणून हे लिहायचं. चिठ्ठी पेन्सिलीनं लिहा, कापडी पिशवीत घाला, बाहुलीच्या अंगाला टेकवू नका.